कबनूरनगरीत आपले मनःपूर्वक स्वागत



हृदयारोग्य परिषदेच्या निमित्ताने आपले पाय कबनूरला लागले, हे आमचे भाग्य. इचलकरंजीला खेटून असलेले हे गाव मागांच्या खडखडाटात झोपते आणि त्याच आवाजाने उठते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पंचक्रोशीच्या चुली त्यावर पेटल्या. आज इथले कापड अंगावर घालणाऱ्या कितीजणांना दातार ठाऊक आहेत? म्हणून त्यांचे नाव इथे आदराने उच्चारतो.

आमचा दुसरा अभिमान तालमीचा. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारले. याच मातीत घुमलेले श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. त्यामुळे बारीक माणूस तेवढा निरोगी, हे आमच्याकडे कुणाला पटत नाही.

शास्त्रही तेच सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय एकच होता, २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. २००४ साली 'लॅन्सेट'ने ही जोडी जगापुढे आणली. त्याआधी १९५३ साली जेरी मॉरिस यांनी दाखवले होते, की लंडनच्या दुमजली बसमध्ये बसून राहणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी. कांडी बदलत, तुटलेला धागा सांधत पाळीभर मागांमध्ये फेऱ्या घालणारा आमचा काटकुळा कामगार यात कुठे बसतो, हे आपण सांगावे. माझे मत एवढेच, की वजनकाट्यावर विसंबू नये. कंबर मोजावी, आणि त्याहून आधी दम तपासावा.

सायझिंगवाले, सूतव्यापारी आणि मागधारक बंधूंनी सढळ हाताने देणग्या दिल्या. महिला बचत गटांच्या भगिनी पहाटेपासून भाकऱ्या थापत आहेत, तरुण मंडळांची पोरे रात्रभर मंडपात राबली. शेजाऱ्यांनी पाहुण्यांसाठी घरे मोकळी केली. या सर्वांचा मी ऋणी आहे. गाव लहान, रस्ते अरुंद, मागांचा आवाज मोठा. निवासात, पाण्यात, जेवणात काही उणे राहिले तर मोठ्या मनाने पदरात घ्यावे आणि आम्हाला हक्काने सांगावे.

एकच विनंती. परतण्यापूर्वी, पाळी सुटण्याच्या वेळी एखाद्या कारखान्याच्या दारात उभे राहा आणि आमच्या कामगारांचा रक्तदाब तपासा. टेबल-खुर्च्या आणि चहा आम्ही तयार ठेवतो.