चित्रफितीच्या आधारे व्यवसायोपचाराचे शिक्षण



आजार वा अपघातानंतर जेवणे, अंघोळ, कपडे घालणे, शेतातील काम ही रोजची कामे माणसाला पुन्हा करता यावीत, यासाठी जे उपचार केले जातात त्यांस व्यवसायोपचार म्हणतात. कमलाताई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. बारामतीशेजारी, फलटणला, त्यांच्या नावाची शाळा आजही आहे. त्यांनी या देशात रुजविलेले हे शास्त्र नव्या विद्यार्थ्यांना कसे शिकवावे, याविषयीचा आमचा अनुभव आज आपणांसमोर ठेवीत आहोत.

विद्यार्थी रुग्णाला पाहतात ते खाटेवर. रुग्णाला जगावयाचे असते ते आपल्या घरी, वस्तीवर. प्रत्येक विद्यार्थ्यास प्रत्येक वस्तीवर नेणे शक्य होत नाही. म्हणून कुटुंबाच्या संमतीने आम्ही घरीच छोट्या चित्रफिती तयार करतो. वर्गात फीत मध्येच थांबवून विचारतो : काय दिसले? पुढे काय होईल? तुम्ही काय कराल? प्रत्येकाने उत्तर वहीत लिहिल्यावरच फीत पुढे सरकते.

एक उदाहरण सांगतो. इंदापूर तालुक्यातील एका शेतकरी बंधूंना अर्धांगवायू झाला. मेंदूच्या उजव्या भागास इजा होऊन डावे अंग लुळे पडले. हातात थोडी शक्ती परतली, तेव्हा आम्ही त्यांना समाधानाने घरी पाठविले. फितीत ते जेवताना दिसतात. विद्यार्थ्यांनी हाताची पकड टिपली, बसण्यातील तोल टिपला. फीत दुसऱ्यांदा दाखविली तेव्हा एका विद्यार्थिनीच्या ध्यानात आले की भाजी-भाकरी संपली, पण ताटाच्या डाव्या बाजूची चटणी, कोशिंबीर व लिंबू जागच्या जागी होते. घरच्यांना वाटे, तोंडाची चव गेली. वस्तुतः दृष्टी शाबूत होती. मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नव्हता. रुग्णालयात त्यांना घास भरविला जाई, त्यामुळे ही गोष्ट आमच्याही नजरेतून निसटली होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

प्रश्न केवळ चटणीचा नव्हता. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. डावीकडून येणारे वाहन न जाणवणे जिवावर बेतू शकते. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावणे, डाव्या बाजूस बसून बोलणे, मान वळवून डावीकडे पाहण्याची सवय लावणे आणि तोवर एकट्याने रस्त्यावर न जाणे, असे उपाय मग ठरले.

चित्रीकरणापूर्वी त्यांच्या पत्नींनी विचारले होते, "पोरं ह्यांना बघून हसणार तर न्हाईत ना?" हा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. फीत प्रथम कुटुंबास दाखविली. त्यांना नको वाटलेला भाग अभ्यासास उपयुक्त असूनही काढून टाकला. नाव-गाव सांगितले जात नाही, आणि संमती केव्हाही मागे घेता येते.

चित्रफीत स्पर्शाची जागा घेऊ शकत नाही. स्नायूंचा ताठरपणा हातालाच कळतो. परंतु पाहावे कसे, हे ती शिकविते.

दात्यांचे साहाय्य आम्हांस मोलाचे आहे. ज्या कुटुंबांनी आपल्या घराचे दार उघडले, त्यांचे दानही तितकेच मोठे आहे. नातेवाइकांना एकच विनंती : घरी काही वेगळे दिसले, तर क्षुल्लक न मानता आम्हांस अवश्य कळवावे.