दूध, क्षार आणि मूत्रपिंड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी एका आजींना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. आठवडाभर मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान. दोन दिवसांपासून बोलणं असंबद्ध. घरच्यांना वाटलं, वयच झालं. तपासणीत शंभर मिलिलिटर रक्तात कॅल्शियम १४ मिलिग्रॅम निघालं. ते साडेआठ ते साडेदहाच्या आसपास असावं लागतं. मूत्रपिंडाचं कामही मंदावलं होतं.

"आजी, औषधं कोणती घेता?"

"औषध कसलं हो डॉक्टर! हाडांसाठी कॅल्शियम, आणि जळजळलं की चघळायच्या गोळ्या."

दोन्हींत एकच द्रव्य होतं, कॅल्शियम कार्बोनेट.

या आजाराला 'मिल्क-अल्कली सिंड्रोम' म्हणतात. १९१५ साली शिकागोच्या डॉ. बर्ट्रम सिपी यांनी अल्सरवर तासातासाला दूध, साय आणि क्षारांची पूड देण्याचा उपचार मांडला. १९२३ मध्ये त्याचे दुष्परिणाम नोंदले गेले. पुढे आम्ल कमी करणारी नवी औषधं आली आणि हा आजार मागे पडला. हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या, तसा तो परतला. विड्याच्या चुन्यामुळेही तो झाल्याच्या नोंदी आहेत.

यात एक दुष्टचक्र असतं. वाढलेलं कॅल्शियम मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतं. लघवी आणि उलट्यांवाटे पाणी जातं. रक्तातला क्षार वाढतो आणि मूत्रपिंड कॅल्शियम बाहेर टाकेनासं होतं. रक्तदाबासाठी थायझाइड जातीची गोळी असेल, किंवा ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस चालू असेल, तर भर पडते.

मग पुढे काय होतं? आजार लवकर ओळखला, गोळ्या थांबवल्या आणि शिरेतून सलाइन दिलं, तर बहुतेक रुग्णांचं कॅल्शियम काही दिवसांतच उतरतं. आजी पाचव्या दिवशी नातवाला नावानं हाक मारू लागल्या. मूत्रपिंड सावरायला मात्र आणखी काही आठवडे लागले. पण महिनोन् महिने, वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं, तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं आणि झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. लवकर कळणं महत्त्वाचं, ते यासाठी.

म्हणून रोजचं दूध सोडू नका, डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियमही परस्पर बंद करू नका. फक्त डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. ज्यांना तुम्ही औषध मानत नाही, त्यासुद्धा.