साध्या बेअरिंगची कसोटी
क्रँकशाफ्ट, म्हणजे दट्ट्याच्या मागे-पुढे होण्याचे फिरण्यात रूपांतर करणारा वाकडा दांडा, विजयदुर्ग बंदरातील मच्छीमार नौकांच्या डिझेल इंजिनांत साध्या बेअरिंगवर फिरतो. 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून जुहूला टपाल आणणाऱ्या जे. आर. डी. टाटा यांच्या पस मॉथ विमानाचे जिप्सी इंजिनही तशाच बेअरिंगवर चालत होते. अशा बेअरिंगमध्ये छर्रे नसतात; बॅबिट, म्हणजे कथील, अँटिमनी व तांबे यांचा मऊ मिश्रधातू, आणि दांडा यांच्यामधील तेलाचा पातळ पापुद्राच भार तोलतो. या पापुद्र्यातील दाब 1880च्या दशकात बीचम टॉवर यांना इंग्लंडमध्ये अगदी अनपेक्षितपणे आढळला, कारण चाचणीच्या बेअरिंगला वंगण घालण्यासाठी पाडलेल्या भोकातून तेलच उलट बाहेर येऊ लागले आणि त्यात ठोकलेली लाकडी खुंटीही वर ढकलली गेली. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1886मध्ये त्याचे गणित मांडले. विमानाच्या इंजिनाची खरी परीक्षा मात्र दीर्घकाळ चालवण्यातच होती: 1928-29मध्ये मोहोरबंद केलेले एक जिप्सी इंजिन केवळ नेहमीच्या देखभालीवर 600 तास उडवून मग उघडण्यात आले, तेव्हा झिजलेल्या सर्व भागांच्या बदलीचा खर्च अवघा सात पौंड भरला.