रहीमसाब : आधी मास्तर, मग कोच

(शिक्षक आणि युवक कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मागे दाराशी उभ्या असलेल्या मुलामुलींनो, आत या, पुढे जागा आहे.

आज ज्यांची आठवण काढायची ते सय्यद अब्दुल रहीम. जन्म १९०९, हैदराबाद. २०२४ साली 'मैदान' सिनेमा आला आणि हे नाव नव्या पिढीच्या कानावर पडलं. चांगलं झालं. पण सिनेमात कोच दिसतो, आणि मला तुमच्याशी बोलायचं आहे ते मास्तरांबद्दल. रहीमसाब पेशाने शाळामास्तर होते. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तिथल्या संघातून खेळले, मग हैदराबादच्या शाळांमध्ये शिकवलं आणि पुढे शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रमही केला. मैदानावर ते जे करत होते, ते वर्गातलंच काम होतं.

एक उदाहरण देतो. पोरांना चेंडू पायात घोळवत बसायची फार हौस असते. समोरच्या चौघांना चकवायचं, टाळ्या घ्यायच्या, आणि मग चेंडू घालवायचा. रहीमसाबांनी यावर लेक्चर झोडलं नाही. त्यांनी मुलांसाठी स्पर्धाच अशा भरवल्या की ज्यांत ड्रिबलिंगला बंदी. चेंडू आला की पास द्यायचा. काही स्पर्धांमध्ये तर फक्त कमजोर पायानेच खेळायचं. ज्याचा उजवा पाय चालतो त्याने डाव्याने. विचार करा, यात सगळ्यात हुशार पोरगा आणि सगळ्यात कच्चा पोरगा एका पातळीवर येतात. जो शिक्षक आहे त्याला हे लगेच कळेल. जो फक्त निकाल बघतो त्याला नाही कळणार.

तुळशीदास बलराम सिकंदराबादचा, गरीब घरातला मुलगा. हैदराबादला सरावाला यायचं तर सायकल हवी, आणि भाड्याला पैसे नाहीत. रहीमसाबांनी त्याला सायकलच्या भाड्यासाठी आपल्या खिशातून पैसे दिले. बलराम पुढे ऑलिम्पिक खेळले, भारताच्या सर्वोत्तम फॉरवर्डपैकी एक ठरले, २०२३ मध्ये गेले. आणि ही सायकलची गोष्ट ते म्हातारपणीही सांगत. आज आपण योजना, निधी, प्रायोजक यांच्यावर तासन्‌तास बोलतो. बोलायलाच हवं. पण त्या दिवशी प्रश्न फक्त सायकलच्या भाड्याचा होता.

आता काळ बघा. मी मराठवाड्याचा माणूस, म्हणून हे मला जास्त टोचतं. १९५६ पर्यंत आमचे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात, मग हैदराबाद राज्यात होते. रझाकारांचा जुलूम आणि त्यानंतर सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, दोन्हींच्या जखमा आमच्या गावागावांत आहेत, हिंदूंच्या घरात आणि मुसलमानांच्याही घरात. त्या धुराळ्यातून शहर बाहेर येत असताना, १९५० मध्ये, रहीमसाब हैदराबाद सिटी पोलीस संघाचे कोच झाले. त्याच वर्षी हा संघ मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. आणि एकदाच नाही, १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं! संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, तसेच पॅट्रिक आणि सुसई. भाईचाऱ्यावर परिसंवाद कुणी घेतला नव्हता. पास नीट दिला तर गोल होतो, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

भारतीय संघाचं तर तुम्हाला ठाऊक आहे. १९५१ ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार, बरेच खेळाडू अनवाणी. हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे गौरवाच्या भाषणात पराभव गाळतात. चारच वर्षांनी मेलबर्नला आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं, मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक केली, आणि भारत ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. तिथपर्यंत आपण पुन्हा कधीच पोचलो नाही.

आणि मग १९६२, जकार्ता. रहीमसाबांना कर्करोग झालेला. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवल्यावर एका भारतीय पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतला होता, त्यामुळे तिथले लोक भारतावर भडकलेले. अंतिम सामन्यात प्रचंड गर्दी, आणि ती सगळी आपल्या विरोधात. जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके. बचावात खेळणाऱ्या या गड्याला रहीमसाबांनी थेट पुढे, सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवलं. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा याच जर्नेलचा. मधल्या फळीत गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको. दक्षिण कोरियावर २-१. त्या गर्दीत भारतासाठी ओरडणारी मोजकी माणसं होती, त्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता. त्याच स्पर्धेत हॉकीत आपल्याला हरवून सुवर्ण घेतलेला संघ! आपल्या पोरांना आजही कुणी विचारतं, 'मॅच असली की तू कुणाच्या बाजूने?' त्यांना हा किस्सा सांगा. उत्तर म्हणून नव्हे. माणसं अशीही वागतात एवढं त्यांना माहीत असावं म्हणून.

११ जून १९६३ रोजी रहीमसाब गेले. वय अवघं त्रेपन्न. मास्तरकीतून निवृत्त होऊन अंगणात खुर्ची टाकून बसायचं सुख त्यांना मिळालं नाही. कोचसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी.

आता आपल्याकडे येतो. मी ज्या शाळेत नोकरी केली, तिथे पीटीचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला पोर्शन उरकायचा तास. दहावीच्या मुलींना तर मैदान दिसायचंच नाही. का, तर 'आता मोठ्या झाल्या'. पालकही तेच म्हणत, आणि व्यवस्थापनाला तेच हवं होतं. आपल्या मोहल्ल्यांत मोकळी जागा म्हणजे एक तर पार्किंग, नाही तर लग्नाचा मंडप. महापालिकेकडे निवेदनं द्यायची आहेतच, त्याचा मसुदा बाहेर टेबलावर आहे, सही करून जा.

पण निवेदनाचं उत्तर येईपर्यंत काय? उर्दू शाळेतले, मराठी शाळेतले, निवृत्त झालेले, किती शिक्षक इथे बसलेत. ज्यांचे गुडघे अजून साथ देतात त्यांनी रविवारी सकाळी सात वाजता ईदगाहच्या मागच्या पटांगणावर यायचं. दोन चेंडू मी आणतो. मुलींची टीम वेगळी नाही, त्याच वेळेला, त्याच पटांगणावर. आणि पहिला महिना ड्रिबलिंग बंद.