आपलं ठरवलेलं, आपल्याला झेपणारं

 

मार्च संपला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "बोला, पुढच्या वर्षी काय करायचं ठरवलंय?" सचिव वही उघडून बसते. पहिली म्हणते, शिलाई मशीन. दुसरी म्हणते, शेळी. तिसरी जरा थांबते आणि म्हणते, माझं पण मशीनच लिही. पंधरा मिनिटांत वही भरते, चहा येतो, विषय संपतो.

आज मला त्या तिसरीबद्दल बोलायचं आहे. तिला मशीन हवं होतं का? की मशीन म्हटलं की कोणी पुढे काही विचारत नाही, म्हणून तिनं ते म्हटलं?

आपल्याच भागातल्या एका गटातली गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, गरजही नाही. या ताईचं वय चौतीस. तिनं गटातून कर्ज काढून मशीन घेतलं. मशीन घरात आलं, त्यावर छान फुलाफुलांचं कापड टाकलं, आणि ते कापड पुढे दीड वर्ष निघालं नाही. कारण साधं आहे. तिला शिवण येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. हप्ते मात्र तिनं एकही चुकवला नाही. ते फेडले कसे, तर आळंदीतल्या मंगल कार्यालयांमध्ये लग्नाच्या पोळ्या लाटून. म्हणजे पोळ्यांचे पैसे मशीनला गेले, आणि मशीननं एक रुपया दिला नाही. गटाच्या वहीत मात्र ती चांगली कर्जदार. परतफेड शंभर टक्के.

मग एका बैठकीत ती बोलली. चाकणच्या एका कंपनीत कामाला गेली होती, गेटवरच दहावीचं प्रमाणपत्र मागितलं. तिची शाळा सातवीत सुटलेली. ती म्हणाली, "मला दहावी व्हायचंय." कोणीतरी हसलं. एक मोठी बाई म्हणाली, "अगं मग मशीन कशाला घेतलंस?" ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या घेत होता ना, काकू."

हे वाक्य मी विसरले नाही. आपण किती गोष्टी अशा घेतो! चाकणच्या पट्ट्यात जमिनीला भाव आला, तेव्हा शेजाऱ्यानं गाडी घेतली म्हणून गाडी घेणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली. बायकांच्या वाट्याला गाडी येत नाही, आपल्या वाट्याला मशीन येतं, एवढाच फरक.

आता थोडं मागे जाऊ या. पुण्यात कर्वेनगर आहे ना, त्याला पूर्वी हिंगणे म्हणत. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये विधवा बायका-मुलींसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याला नेला. या आश्रमाशी आयुष्यभर जोडलेलं एक नाव म्हणजे पार्वतीबाई आठवले. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांच्या त्या बहीण. जन्म 1870 चा, कोकणातल्या देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झालं, आलवण नेसायला लागलं. पंचविशी उलटेपर्यंत त्यांना धड लिहिता-वाचता येत नव्हतं.

बहिणीच्या घरी पुण्याला आल्यावर त्या शिकायला बसल्या. सव्विसाव्या वर्षी पाटीवर अक्षरं गिरवायची, तीही मुलाची आई असताना. आज प्रौढ साक्षरतेच्या वर्गात बसायला आपल्याला लाज वाटते, तेव्हा काय वाटत असेल? पण त्यांनी एकदम डोंगर चढायला घेतला नाही. आधी मराठी लिहिणं-वाचणं. मग आश्रमाच्या कामात हातभार. मग आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरणं, लोकांसमोर उभं राहून बोलणं. एक पायरी पायाखाली पक्की झाली की पुढची.

1912 मध्ये, बेचाळीस वर्षांच्या असताना, त्यांनी केशवपन बंद केलं आणि केस राखले. वाचताना हे एका ओळीत संपतं, पण जरा विचार करा. वर्गणी मागणाऱ्या बाईला चार लोकांची मर्जी राखावी लागते. सोवळी, लाल लुगड्यातली विधवा दारात आली तर जुन्या वळणाचा माणूसही दोन रुपये टाकेल. केस राखलेली विधवा आली तर? लोक बोलणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि लोक बोललेच. तरीही, मनाला जे पटत नाही ते अंगावर वागवायचं नाही, हे त्यांनी ठरवलं.

आणि 1918 मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. जवळ पैसा नाही, भाषा नाही. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. भांडी, झाडलोट, पडेल ते. सुमारे दोन वर्षांनी परत आल्या. हे सगळं त्यांनी 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, ते 1928 मध्ये आलं. त्यांची सगळी मतं तुम्हाला पटतील असं नाही. बाईचं खरं काम घर आणि मुलं, असं त्या मानत. मला ते पटत नाही. पण त्या जे बोलल्या ते त्यांचं स्वतःचं होतं, उसनं नव्हतं.

काही जणी म्हणतील, "ताई, त्या कर्व्यांच्या नातेवाईक होत्या, आमच्यामागे कोण आहे?" बरोबर आहे. त्यांना बहिणीचं घर होतं, आश्रम होता. एकटीनं कोणी काही करत नाही. म्हणून तर आपण गट केला ना? पण गटाला आपलं खरं काय ते कळलंच नाही, तर गट मदत तरी कशाला करणार? मशीनच्या कर्जावर सह्या करणार, झालं.

इथे एक सांगायला हवं. खरं बोलायचं म्हणजे उठून सगळ्यांना फाडफाड सुनवायचं असं नाही. सासूला, जावेला, सुपरवायझरला तोंडावर बोलून दाखवलं की मन मोकळं होतं, पण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर तेच आणि लाइनही तीच असते. खरं आधी स्वतःला सांगायचं असतं. मला हे येतं, हे येत नाही. हे हवंय, हे नकोय. एवढं स्वतःशी कबूल केलं की मग कोणाला किती सांगायचं ते आपलं आपल्याला कळतं. त्या ताईनं गटाला सांगायच्या आधी नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "बघ, जमतंय का." हा काही मोठा पाठिंबा नव्हे, पण नकारही नव्हता. तिनं तेवढ्यावर भागवलं.

आता दुसरी बाजू. खरं काय हवं ते कळलं, पण ते केवढं धरायचं?

याचं उत्तर आळंदीच्या माणसानं बाहेर शोधू नये. माउलींची पालखी दरवर्षी आपल्या दारातून निघते. आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. साठी-सत्तरीच्या बाया डोक्यावर तुळस घेऊन चालतात. त्यांना कोणी म्हटलं, अडीचशे किलोमीटर चला, तर कोण निघेल? पण वारीत अडीचशे किलोमीटर कोणी चालतच नाही. आज पुणे, मग सासवड, मग जेजुरी, वाल्हे, लोणंद. रोजचा एक मुक्काम चालायचा.

आणि मुक्काम सारखे नसतात, हे बघितलंय का कधी? पुणे ते सासवड ही सगळ्यात लांबची चाल, तीस किलोमीटरच्या वर, आणि त्यात दिवे घाट. म्हणून घाटाच्या आधी पुण्याला दोन रात्री मुक्काम, आणि घाट चढून गेल्यावर सासवडला पुन्हा दोन रात्री. पुढे लोणंद ते तरडगाव मात्र चाल थोडकी, वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण. ज्यांनी हे बसवलं त्यांना पाय किती दुखतात हे माहीत होतं. अवघड टप्पा त्यांनी टाळला नाही, त्याच्या अलीकडे आणि पलीकडे विसावा ठेवला. शिवाय दिंडी असते. सामान ट्रकमध्ये, स्वयंपाकाची सोय, आणि मागे कोण राहिलं ते बघायला माणसं. संध्याकाळी समाजआरतीला काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवत राहते, चोपदार येऊन ऐकून घेतात. तक्रार मनात ठेवून कोणी पुढच्या मुक्कामाला जात नाही.

आपल्या त्या ताईनं आधी ठरवलं होतं, यंदाच दहावी, सगळे विषय एकदम. सातवीनंतर वीस-बावीस वर्षं पुस्तक हातात नाही, दिवसा कार्यालयातलं काम, संध्याकाळी दोन पोरांचा अभ्यास. हा दिवे घाट तिनं पहिल्याच दिवशी घेतला होता, तोही धावत. गटातल्या एकीच्या मुलीनं माहिती काढली. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे पुष्कळ जणींना माहीत आहे. पण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणून केंद्र सरकारची एक संस्था आहे, पुण्यात तिचं विभागीय केंद्र आहे, तिची पद्धत घरच्या बाईला जास्त सोयीची. वय चौदा पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. दहावीसाठी पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा हवी. गणित घ्यायलाच पाहिजे असं नाही. मराठी माध्यम घेता येतं. शाळेचा जुना दाखला सापडत नसेल तर वयाचा पुरावा आणि आपण हा अभ्यास करू शकतो असं स्वतः लिहून दिलेलं चालतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आणि मोठी गोष्ट म्हणजे नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी. एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो, सुटलेला विषय जमा राहतो. शुल्क आणि तारखा फॉर्म भरताना केंद्रावरच विचारून घ्या, त्या बदलत असतात.

गटानं बैठकीत बसून हिशेब मांडला. पाच विषय, एका वेळी एक, म्हणजे पाच परीक्षा, अडीच वर्षं. नऊ संधींतून पाच गेल्या तरी चार हातात राहतात. म्हणजे चारदा नापास झालं तरी गाडी सुटत नाही! हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. मग तिनंच आणखी एक गोष्ट सांगितली. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, पोळ्यांचं काम तेव्हाच जोरात, घरात पैसा तेव्हाच येतो. म्हणून उन्हाळ्यात सोपा एकच विषय, आणि जमलं तर ऑक्टोबरात दोन. सरकारच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं. हे तिलाच माहीत होतं, आणि ती खरं बोलली म्हणून ते आराखड्यात आलं.

मशीनचं पुढे काय? गटातल्याच दुसऱ्या एकीला शिवण येतं, पण मशीन घ्यायला पैसे नव्हते. तिनं ते जुन्याच्या भावात घेतलं, हप्त्यानं. त्या पैशातून इकडे नोंदणीचं शुल्क भरलं. घाट्याचा सौदा होता, पण कापडाखाली गंजण्यापेक्षा बरा.

सगळं सरळ झालं असं समजू नका. मराठी पहिल्या झटक्यात सुटलं. विज्ञान राहिलं, उत्तीर्ण व्हायला शेकडा तेहतीस लागतात, तेवढेही पडले नाहीत. दोन आठवडे ती बैठकीला आली नाही. मग त्या हसणाऱ्या काकूच तिच्या घरी गेल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण पुढच्या बैठकीला दोघी बरोबर आल्या. विज्ञान बदलून दुसरा विषय घ्यायचा का, यावर त्या दिवशी तासभर चर्चा झाली. तिनं विज्ञानच ठेवलं. "मुलगा आठवीला आहे," ती म्हणाली, "त्याच्याबरोबर बसते."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वही उघडाल, तेव्हा एक करून बघा. लगेच लिहू नका. प्रत्येकीला विचारा, हे तुला हवंय की सांगायला सोपं आहे म्हणून सांगतेस? एखादी म्हणेल, मला खरंच शेळीच हवीय. मग लिहा, शेळी काही कमी नाही. एखादी गप्प बसेल, तिला पुढच्या बैठकीपर्यंत वेळ द्या. आणि जी काही सांगेल तिला दुसरा प्रश्न विचारा, पहिला मुक्काम कुठे, किती दिवसांत, आणि तुझी पिशवी कोण उचलणार? पोरांकडे तेवढे दोन तास कोण बघणार, हेही वहीत लिहा. कर्जाच्या आकड्याच्या शेजारी लिहा.

परीक्षेसाठी फॉर्म भरायचा असेल, तर बरंच आधीपासून चौकशीला लागा. आधार कार्ड, जन्माचा दाखला किंवा शाळेचा जुना दाखला, आणि दोन फोटो बरोबर घेऊन जा. एकटी जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा.