फुटलेली नळी काय सांगते?

आमच्या घराच्या माजघरात खुंटीला एक बंदूक टांगलेली असे. एकनळी, बारा बोअरची, वडिलांच्या वेळची. शिकारीची हौस आमच्या घरात कुणालाच नव्हती, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता तशी हौस कुणाला करताही येत नाही. आमचा परवाना होता शेतीसंरक्षणाचा. कोकणात भाताच्या लोंब्या भरल्या की रात्री रानडुकरे उतरतात, आणि सहा महिन्यांची मेहनत एका रात्रीत तुडवून जातात. तेव्हा माळ्यावर बसायचे, हाकारे घालायचे, आणि त्यांनी भागले नाही तर हवेत एखादा बार काढायचा, एवढेच त्या बंदुकीचे काम.

२०२१ च्या आश्विनात ही बंदूक माझ्या वडील बंधूंच्या, म्हणजे अण्णांच्या, हातात फुटली. काडतुसे घरी भरलेली नव्हती. परवानाधारक दुकानातून, पावती घेऊन आणलेली, कारखान्याची होती. अशा वेळी माणसाने काय करावे आणि काय करू नये, ते आज मला तुम्हाला सांगायचे आहे. तुमच्यापैकी फारच थोड्यांच्या घरी बंदूक असेल. पण पंप, फवारणीयंत्र, गॅसची शेगडी या वस्तू प्रत्येकाच्या घरी आहेत, आणि त्याही कधी ना कधी दगा देतात. तेव्हा बंदुकीवरून जे शिकलो, ते इतरत्रही उपयोगी पडेल.

प्रथम घडले ते सांगतो. रात्री दोनच्या सुमारास अण्णांनी पहिला बार काढला. नेहमीचा दणका झाला नाही, 'फट्' असा दबका आवाज आला. खांद्यालाही झटका बसला नाही. अण्णांना वाटले, काडतूस फुसके निघाले. त्यांनी रिकामी नळकांडी काढली, दुसरे काडतूस घातले आणि चाप ओढला. या वेळी मोठा स्फोट झाला. नळी मध्यावर फुगून उभी चिरली, पुढचे लाकूड फुटले आणि त्याच्या ढलप्या अण्णांच्या डाव्या हातात घुसल्या. दोन बोटे फाटली. तालुक्याच्या डॉक्टरांनी हात वाचवला, पण एक बोट अजूनही पुरते मिटत नाही.

मी तिसऱ्या दिवशी गावी पोहोचलो, तेव्हा घरात सल्ल्यांचा नुसता पाऊस पडत होता. लोहार म्हणत होता, "द्या अण्णा, दोन ठोके घालून सरळ करतो, वर लोखंडी कडं बसवतो." वहिनींचे म्हणणे वेगळे. "भावोजी, ती उरलेली काडतुसं आधी विहिरीत टाका. घरात नकोत." आणि गाव म्हणत होते की अण्णांनीच नळीत चिखल राहू दिला असणार. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. कार्यकारणाच्या गोष्टी रोज फळ्यावर लिहितो. तरी खरे सांगतो, मीही त्या क्षणी रागाच्या भरात म्हणालो, "काडतूसच वाईट होते, दुसरे काय!" पुरावा मात्र माझ्याकडे काडीचाही नव्हता.

तो होता माझ्या आठवीतल्या पुतण्याकडे. त्याने सकाळीच माळ्याखालून दोन्ही रिकामी नळकांडी वेचून बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती, वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून. वर लिहिले होते, 'पहिले, आवाज लहान' आणि 'दुसरे, आवाज मोठा'. मी विचारले, हे तुला कुणी सांगितले? तो म्हणाला, "आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणतात, आधी निरीक्षण लिहायचं, अनुमान मागून." गुरुजनहो, तुमच्या एका वाक्याने आमचे घर वाचवले, हे मी मुद्दाम सांगतो.

आता काडतुसाची रचना थोडी समजून घेऊ. बुडाशी पितळी टोपण, त्याच्या मधोमध ठिणगी देणारी टोपी. आत दारू, दारूवर गच्च बसणारा डट्टा, त्यावर छर्रे, आणि वर दुमडलेले तोंड. चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळते आणि वायूचा दाब डट्ट्याला व छर्ऱ्यांना पुढे लोटतो. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाच्या दाबाची युरोपीय मर्यादा ७४० बार आहे. म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या सातशे पटींहून अधिक. एवढा दाब सोसण्यासाठीच नळी घडवलेली असते, आणि विकण्यापूर्वी त्याहूनही जास्त दाबाने ती पारखतात. इंग्लंडात बर्मिंगहॅमला अशा पारखीसाठी १८१३ साली कायद्याने स्वतंत्र संस्था स्थापन झाली. जुन्या नळ्यांवर जे बारीक शिक्के दिसतात, ते या पारखीचे.

दारू कमी पडली तर काय होते? छर्रे रडतखडत बाहेर पडतात आणि डट्टा कधी कधी नळीतच अडकतो. मागून दुसरा बार आला की वायूला वाट मिळत नाही, आणि अडथळा असेल तिथे नळी कंगणासारखी फुगते किंवा फुटते. याउलट दारू जास्त भरली गेली असेल, तर घात बहुधा मागच्या बाजूला, काडतूस बसते त्या खोलीपाशी होतो. म्हणजे नळी कुठे फुटली, यावरूनच निम्मी हकीकत कळते. आमची नळी मध्यावर फुटली होती, मागची खोली शाबूत होती. तेव्हा नळीत अडथळा होता हे नक्की. प्रश्न एवढाच उरला की अडथळा चिखलाचा की डट्ट्याचा?

दर वेळी दोष कारखान्याचाच असतो असेही नाही, हे विसरू नका. जुन्या बंदुकीची खोली ६५ मिलिमीटरची असते आणि आपण ७० मिलिमीटरचे काडतूस घालतो. तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. कुणी चुकून वीस बोअरचे काडतूस बारा बोअरमध्ये घालतो. ते आत घसरून नळीत अडकते, दिसत नाही, आणि त्यामागे दुसरे घातले की नळीच्या चिंध्या होतात. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात आहे. काडतुसे ओलीत ठेवणे, नळीत मातीचा गोळा राहणे, हे दोष तर आपले स्वतःचेच.

कधी कधी दोन दोष एकमेकांना भेटतात. अमेरिकेत १९१७ साली सैन्याच्या स्प्रिंगफील्ड रायफली फुटू लागल्या. काडतुसे तपासली, तेव्हा एका कारखान्याच्या काडतुसांची पितळी बुडे मऊ निघाली. ती फाटून वायू मागे येत होता. पण तपास तिथे थांबला नाही. बुड फाटले, तरी रायफलीचे पोलाद काचेसारखे का तडकावे? शोध घेता कळले की भट्टीवरचे कसबी कारागीर पोलादाचा ताव नुसत्या नजरेने ओळखत. लख्ख उन्हात तापलेले लोखंड कमी लाल दिसते, म्हणून ते आणखी तापवत. तापमापक लावून पाहिले, तर उन्हातल्या आणि ढगाळ दिवसातल्या तावात ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत फरक निघाला. मग १९१८ मध्ये पोलादाला पाणी देण्याची रीतच बदलली. काडतुसावर खापर फोडून ते मोकळे झाले असते, तर ठिसूळ रायफली तशाच बनत राहिल्या असत्या.

आता आमच्या प्रकरणाकडे येतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याला आम्ही सगळे दाखवले. पहिल्या नळकांड्यात न जळलेल्या दारूचे दाणे होते. तो म्हणाला, "हे जपून ठेवा. आणि नळीला हात लावू देऊ नका कुणाला." दुकानदाराचे उत्तर ठरलेले होते. तुमच्या घरात ओल लागली असेल. मग आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे ठरवले.

तक्रार लिहायला बसलो, तेव्हा एका जाणत्या गृहस्थांनी सल्ला दिला, "तो पहिला फुसका बार लिहू नका. लिहिलात तर विचारतील, नळी न पाहता दुसरे काडतूस घातलेच का?" सल्ला व्यवहारी होता. वस्तूचा गैरवापर झाला असे दाखवता आले, तर विक्रेत्यावरची जबाबदारी टळते, असे कायद्यातच आहे. मीही डळमळलो. अण्णा मात्र म्हणाले, "अरे, नळी पाहायला हवी होती, ती माझी चूक. पण झालं ते झालं असंच लिही. अर्धं खरं सांगून मला पैसे नकोत."

तसे लिहिले. आणि श्रोतेहो, त्याच वाक्याने तक्रार उभी राहिली. तो बार लपवला असता, तर नळीतल्या अडथळ्याला चिखलाशिवाय दुसरे कारणच उरले नसते. त्या दबक्या आवाजामुळे दाण्यांना अर्थ आला. उरलेली सात काडतुसे मोहोरबंद करून प्रयोगशाळेत गेली. दारू कोरडी होती, पण दोन काडतुसांत ती वजनाला कमी भरली. शेवटी तडजोडीने नवी नळी आणि दवाखान्याचा खर्च मिळाला. बोटाची भरपाई कुणी देऊ शकत नाही.

यावरून काय घ्यायचे, ते थोडक्यात सांगतो. बार दबका वाजला, तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, मग बंदूक रिकामी करा आणि मागच्या बाजूने नळीतून आरपार उजेड दिसतो की नाही ते पाहा. त्याशिवाय दुसरे काडतूस घालू नका. अपघात झालाच, तर आधी माणूस, मग वस्तू. फुटलेली वस्तू ठोकू नका, पुसू नका, विकू नका. रिकामी नळकांडी, उरलेली काडतुसे, गठ्ठा क्रमांक असलेला डबा आणि पावती एकत्र ठेवा. काडतुसे टपालाने मात्र कुठेही पाठवू नका. फोटो काढा आणि घडले ते त्याच दिवशी तारीखवार लिहा. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करा. परवान्यावर बंदुकीची नोंद असते, तेव्हा नळी बदलण्यापूर्वी परवाना देणाऱ्या कार्यालयाला विचारा.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष वस्तूने इजा झाली तर भरपाई मागण्याची तरतूद त्यात आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूची दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर सल्लाही मिळतो. शेतकरी हा ग्राहक नव्हे, असे कुणी म्हणाले तर घाबरू नका. सदोष बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली शेतकऱ्याला ग्राहकच मानले. त्याच निकालात न्यायालयाने हेही ओळखले, की पेरून झालेल्या बियाण्याचा नमुना शेतकऱ्याकडे उरत नाही. काडतुसांचे तसे नाही. आपण विहिरीत टाकली नाहीत, तर ती उरतात.

ती जुनी नळी अण्णांनी अजून ठेवली आहे. गावातली मुले आली की ते त्यांना ती दाखवतात, पहिल्या बाराची गोष्ट सांगतात, आणि नळी न पाहता दुसरे काडतूस घातले ती आपली चूकही सांगतात. तो बिस्किटांचा डबाही तिथेच शेजारी असतो.