आधी वाचलेली मालिका

‘स्टार ट्रेक’ची कार्टून मालिका मी आधी वाचली आणि मग पाहिली. अमेरिकेत १९७३-७४ मध्ये तिचे २२ भाग आले. अॅलन डीन फॉस्टर यांनी त्यांवरून १० पुस्तकं लिहिली. पहिल्या ६ पुस्तकांत तीन-तीन भाग आहेत. उरलेल्या ४ भागांना मात्र एकेक अख्खं पुस्तक.

पहिलं पुस्तक मला पुण्यात फुटपाथवर मिळालं. ते घेऊन भूमला आलो. लाईट गेली होती. आई भट्टीपाशी खवा हलवत होती. “काय वाचतूस रं?” तिनं विचारलं. मी मराठीत सांगू लागलो.

स्पॉक भूतकाळात जातो आणि लहानपणीच्या स्वतःला भेटतो. त्या पोराचं म्हातारं पाळीव जनावर, अस्वलासारखं, त्याला वाचवताना जखमी होतं. वैद्य सांगतो, बरं होणार नाही. वेदनेत जगवायचं की शांतपणे जाऊ द्यायचं, हे पोरानं ठरवायचं.

आईचा हात थांबला. “पोरगं रडलं का?”

“त्यांच्यात रडत नाहीत, आई.”

आमच्या गोठ्यात तेव्हा एक भाकड म्हैस होती. तिला बाजारात न्यायचं बोलणं चाललं होतं. त्या रात्री आई दादांना एवढंच म्हणाली, “ती आपल्याच दावणीला जाईल.”

पुढं तो भाग मी पाहिला. चांगला आहे, पण अर्ध्या तासाच्या आत संपतो. पुस्तक मात्र पानात बोट घालून, आईचा प्रश्न संपेपर्यंत थांबवता आलं होतं.